प्रभाग समितीवर जायचंय? घराचा पत्ता नव्हे, मतदार यादीतला पत्ता बघतात

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. नवे नगरसेवक आले की प्रभाग समित्या बसतात आणि त्यांच्यावर सामाजिक संस्थांचे प्रतिनिधी घेण्याचा विषय निघतो. अर्जाला लोक आधार कार्ड, वीजबिल, सोसायटीचं पत्र, तहसीलदारांचा रहिवासी दाखला आणि डोमिसाईल असा गठ्ठा जोडतात. तरीही अर्ज अडतो, कारण कायद्याने विचारलेली गोष्ट या गठ्ठ्यात नसते. ती कोणती, आणि ती हातात येण्यासाठी कोणत्या क्रमाने काय करायचं, ते पुढे दिलं आहे. उदाहरणं बहुतेक पुण्याची आहेत. मुंबई सोडून इतर महापालिकांना कायदा तोच लागू आहे. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र अधिनियम असून तिथे हा विषय कलम ५०टीटीमध्ये येतो.

## सुरुवातीला अट नीट वाचा

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, कलम २९-अ. समितीत तिच्या हद्दीतल्या प्रभागांचे नगरसेवक असतात, त्या क्षेत्राचा प्रभारी अधिकारी असतो आणि जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य असतात. हे तिघे मान्यताप्राप्त बिगरसरकारी किंवा समाजाधारित संस्थांचे सदस्य असावे लागतात, आणि त्यांना निवडतात त्याच समितीवरचे नगरसेवक.

यात दोन स्वतंत्र अटी आहेत. संस्था समाजकल्याणाचं काम करणारी हवी आणि ते काम समितीच्या हद्दीत चालू हवं. व्यक्तीचं नाव त्याच हद्दीतल्या प्रभागात मतदार म्हणून नोंदलेलं हवं. पहिली अट कामाच्या जागेची आहे, दुसरी मतदार नोंदीची. संस्था वारज्यात वीस वर्षं काम करत असली, पण कार्यकर्त्याचं नाव सातारा जिल्ह्यातल्या गावच्या यादीत असलं, तर पहिली अट पूर्ण होते आणि दुसरी नाही. उलटही घडतं. नाव बरोबर प्रभागात असतं, पण संस्थेचं सगळं काम मावळात.

घर कोणाच्या नावावर आहे, किती वर्षं राहताय, आधारवर कोणता पत्ता आहे, हे या कलमात कुठेही विचारलेलं नाही. डोमिसाईल तर मुळात राज्याच्या पातळीवरचं प्रमाणपत्र आहे. राज्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्यावर ते मिळतं, आणि प्रभागाशी त्याचा काही संबंध नाही.

इशारा: प्रभाग समितीचा नामनिर्देशित सदस्य म्हणजे स्वीकृत नगरसेवक नव्हे. स्वीकृत नगरसेवक सभागृहात बसतात. त्यांची पात्रता आणि नियम वेगळे आहेत, आणि पक्षांचं गणितही वेगळं. दोन्हींचे नमुने आणि कागद एकमेकांत मिसळू नका.

## टप्पा १: समितीची हद्द पक्की करा

पुण्यात ४१ प्रभाग आहेत आणि नगरसेवक १६५. त्यांच्यासाठी १५ क्षेत्रीय कार्यालयं. म्हणजे एका क्षेत्रीय कार्यालयाच्या समितीखाली अनेक प्रभाग येतात. तुमचं नाव नेमकं तुमच्याच प्रभागात असलं पाहिजे असं नाही; त्या समितीच्या हद्दीतल्या कोणत्याही प्रभागात असलं तरी चालतं. अटीतली ही एवढीच सूट आहे, आणि ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

हद्द ठरवताना चार ठिकाणी गफलत होते.

विधानसभा मतदारसंघाचं नाव. कोथरूड मतदारसंघात बाणेर, पाषाण, बालेवाडीही येतात. तिथला मतदार "माझं नाव कोथरूडला आहे" असं सांगतो आणि कोथरूड-बावधन क्षेत्रीय कार्यालयात अर्ज टाकून मोकळा होतो. बाणेरचा कारभार औंध-बाणेर क्षेत्रीय कार्यालयाकडे आहे.

पिनकोड. ४११००१ हा पिन पुणे कॅन्टोन्मेंटच्या मोठ्या भागाला आहे, आणि कॅन्टोन्मेंट बोर्डाची हद्द महापालिकेबाहेर. खडकीचंही तसंच. भरीस भर म्हणजे पुणे कॅन्टोन्मेंट नावाच्या विधानसभा मतदारसंघात महापालिकेचे भागही आहेत. त्यामुळे मतदारसंघाच्या नावावरून काहीच ठरवता येत नाही.

"पुणे" असा पत्ता. हिंजवडीतल्या सोसायटीच्या पत्त्यावर पुणे लिहिलेलं असतं, पण गाव ना पुणे महापालिकेत, ना पिंपरी-चिंचवडमध्ये. फुरसुंगी आणि उरुळी देवाची आधी महापालिकेत आली होती. आता तिथे स्वतंत्र नगरपरिषद आहे. जुना मिळकतकर पुणे महापालिकेकडे भरल्याची पावती घरात असली म्हणून आज तुम्ही महापालिकेच्या हद्दीत आहात असं होत नाही.

जुनी प्रभागरचना. २०१७ च्या निवडणुकीतला प्रभाग क्रमांक डोक्यात पक्का बसलेला असतो आणि तोच अर्जात उतरतो. २०२५ मध्ये रचना नव्याने झाली. क्रमांक बदलले, काही रस्त्यांची एक बाजू शेजारच्या प्रभागात गेली.

हद्द पक्की करण्यासाठी महापालिकेच्या निवडणूक विभागाने प्रसिद्ध केलेला अंतिम प्रभागरचनेचा नकाशा आणि त्यासोबतचं चतुःसीमेचं वर्णन वाचा. नकाशावर रेघ रस्त्याच्या मधोमध आहे की कडेने, हे डोळ्यांना कळत नाही. वर्णनात ते लिहिलेलं असतं. मग कोणते प्रभाग कोणत्या क्षेत्रीय कार्यालयाकडे जोडले आहेत, हे त्या कार्यालयात विचारून लेखी घ्या. नागपुरात याला झोन म्हणतात आणि नाशकात विभागीय कार्यालय; ठाण्यात थेट प्रभाग समिती हेच नाव आहे.

तपासणी: एका कागदावर तीन ओळी लिहिता आल्या पाहिजेत. समितीचं नाव, तिच्याखालच्या प्रभागांचे क्रमांक, आणि तुमची इमारत त्यातल्या कोणत्या प्रभागात येते. तिसरी ओळ अंदाजाने लिहावी लागत असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: दोन याद्या, दोन्हीत नाव शोधा

सगळ्यात जास्त घोळ या टप्प्यावर होतो, म्हणून इथे जरा सावकाश.

मतदार यादी एकच नसते. मूळ यादी विधानसभेची. ती भारत निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली मतदार नोंदणी अधिकारी तयार करतो, आणि नवी नावं घालणं, जुनी वगळणं, पत्ता बदलणं हे सगळं या यादीतच होतं. महापालिका निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांनुसार फोडतो. तयार होते ती महापालिकेची प्रभागनिहाय यादी. २०२६ च्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी घेतली होती.

याचा परिणाम असा. समजा, तुम्ही ऑगस्ट २०२५ मध्ये घर बदललं आणि दिवाळीच्या सुमारास विधानसभेच्या यादीतला पत्ताही बदलून घेतला. विधानसभेच्या यादीत तुम्ही नव्या पत्त्यावर आहात, पण महापालिकेच्या प्रभागनिहाय यादीत जुन्याच. दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर आहेत. छाननी करणारा कर्मचारी मात्र जी यादी हाताशी असेल ती उघडतो, आणि ती बहुतेकदा महापालिकेची असते.

म्हणून दोन्हीकडे शोधा.

विधानसभेची नोंद मतदार सेवा पोर्टलवर एपिक क्रमांकाने, म्हणजे मतदार ओळखपत्रावरच्या क्रमांकाने, काढा. नावाने शोधू नका. नावाच्या इंग्रजी वर्णाक्षरांत एक अक्षर इकडचं तिकडे झालं की नोंद सापडत नाही आणि माणूस "माझं नावच उडालं" म्हणून नवा अर्ज भरून मोकळा होतो. मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक या तीन गोष्टी लिहून घ्या.

महापालिकेची नोंद निवडणूक विभागाच्या प्रभागनिहाय यादीत शोधा. इथला अनुक्रमांक वेगळा असतो. तो प्रभाग क्रमांकासह लिहा. नावापुढे दोन फुल्या (**) आहेत का, तेही बघा. २०२५ च्या याद्यांमध्ये संभाव्य दुबार मतदारांपुढे अशी खूण केली होती. फुल्या दिसल्या म्हणजे तुम्ही अपात्र झालात असं नाही. पण तुमच्या अर्जावर हरकत घेणाऱ्याला ती आयती मिळते. तेव्हा टप्पा ४ आधी उरकून घ्या.

आता तुमची गत यांपैकी एक असेल.

(अ) दोन्ही याद्यांत नाव समितीच्या हद्दीत आहे. टप्पा ५ वर जा.

(आ) विधानसभेच्या यादीत नवा पत्ता हद्दीत आहे, महापालिकेच्या यादीत जुना. दोन्हींचे प्रमाणित उतारे घ्या आणि क्षेत्रीय कार्यालयाला लेखी विचारा की छाननीसाठी कोणती यादी धरणार. उत्तर येईपर्यंत थांबू नका, बाकीची तयारी चालू ठेवा. महापालिकेच्या यादीतली जुनी नोंदही त्याच समितीच्या हद्दीत असेल, तर हा प्रश्नच उरत नाही.

(इ) नाव गावाकडे किंवा शहराच्या दुसऱ्या भागात आहे, पण राहता हद्दीत. टप्पा ३.

(ई) दोन ठिकाणी नाव आहे. आधी टप्पा ४.

(उ) राहता एकीकडे, पण समितीवर जायचंय दुसरीकडच्या, कारण काम तिथे आहे किंवा तिथे स्वतःचा फ्लॅट आहे. इथेच थांबा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० चं कलम २० सांगतं की केवळ घराची मालकी किंवा ताबा आहे म्हणून कोणी तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या पत्त्यावर नाव हलवायचा अर्ज केला, तर चौकशीला येणाऱ्या बीएलओला, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, दारात भाडेकरू भेटतो. अर्जात खोटं निवेदन केल्यास त्याच अधिनियमाच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा वेळी संस्थेतल्या दुसऱ्या, त्या हद्दीत खरोखर राहणाऱ्या सदस्याचं नाव पुढे करणं हा सरळ मार्ग आहे.

कलम २० मध्येच दिलासाही आहे. तात्पुरते बाहेर गेलात म्हणून रहिवास जात नाही. मुलाकडे सहा महिने अमेरिकेत राहून येणाऱ्या आजी-आजोबांनी यादीतल्या नावाची उगाच चिंता करू नये.

## टप्पा ३: नमुना ८ भरून नाव हलवा

पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ असतो. २०२२ पासून त्याच मतदारसंघात हललात किंवा दुसऱ्या मतदारसंघात, दोन्हींसाठी हाच नमुना. पूर्वी मतदारसंघ बदलला की नमुना ६ भरायचे. ती सवय अजून गेलेली नाही, आणि दुबार नोंदीचं मोठं मूळ तिथेच आहे. नमुना ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे.

दुसरी चूक क्रमाची. काही जण आधी नमुना ७ भरून गावचं नाव कमी करून घेतात आणि मग शहरात नव्याने अर्ज करतात. मधल्या काळात ते कोणत्याच यादीत नसतात, आणि शहरातला अर्ज नाकारला गेला तर दोन्हीकडून गेले. नमुना ८ ने स्थलांतर मागितलं की जुनी नोंद कमी होणं हा त्याच प्रक्रियेचा भाग असतो.

पत्त्याचा पुरावा म्हणून यांपैकी एक लागतो: त्या पत्त्याचं किमान एक वर्षाचं पाणी, वीज किंवा गॅसचं बिल, आधार, राष्ट्रीयीकृत किंवा शेड्युल्ड बँकेचं अथवा टपाल खात्याचं चालू पासबुक, पासपोर्ट, महसूल खात्याचा जमिनीचा उतारा, भाडेकरू असाल तर नोंदणीकृत भाडेकरार, मालक असाल तर नोंदणीकृत खरेदीखत. कागद स्वतःच्याच नावाचा हवा असं नाही. आई-वडील, पती-पत्नी किंवा सज्ञान अपत्य त्याच पत्त्यावर आधीपासून मतदार असतील, तर त्यांच्या नावाचा कागदही चालतो.

भाड्याने राहणारे अडतात ते करारावर. नोटरीकडे केलेला अकरा महिन्यांचा करार "नोंदणीकृत" या शब्दात बसत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदवलेला असायलाच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. मालक टाळाटाळ करत असेल तर त्याला हे कलम दाखवा. तोवर आधारवरचा पत्ता बदलून घेणं हा जवळचा रस्ता.

भरताना या गोष्टी सांभाळा:

१. नमुना ८ मध्ये एका अर्जात एकच हेतू निवडता येतो. पत्ताही बदलायचाय आणि नावातली चूकही सुधारायचीय, तर आधी पत्ता. तो झाला की दुसरा अर्ज.

२. नव्या पत्त्यात इमारतीचं नाव, सर्व्हे क्रमांक, गल्ली हे शेजाऱ्यांच्या नोंदीत जसं आहे तसंच लिहा. मजल्यावरच्या एखाद्या मतदाराची नोंद बघून घ्या. "साई कृपा" आणि "साईकृपा सोसायटी फेज २" यात तुम्हाला फरक वाटत नसेल, पण यादी भाग निवडणाऱ्याला वाटतो, आणि नाव शेजारच्या भागात जाऊन पडतं. तो भाग दुसऱ्या प्रभागात फुटत असेल तर सगळी मेहनत फुकट.

३. मोबाइल क्रमांक स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. संदर्भ क्रमांक आणि पुढचे संदेश त्यावरच येतात.

इशारा: निवडणूक जाहीर झाल्यावर उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली, की त्या मतदारसंघाची निवडणूक संपेपर्यंत विधानसभेच्या यादीत नाव घालणं, वगळणं, बदलणं बंद होतं. हे विधानसभा किंवा लोकसभा निवडणुकीच्या काळात लागू होतं. असा काळ समोर दिसत असेल तर अर्ज आधीच करा.

### अर्ज केल्यानंतरचे आठवडे

अर्जांची यादी हरकतींसाठी सात दिवस लावली जाते आणि बीएलओ घरी येऊन खात्री करतो. बहुतेक नकार इथे तयार होतात, आणि कारण अगदी किरकोळ असतं: घर बंद होतं, किंवा सोसायटीच्या रखवालदाराने "या नावाचं कोणी इथे राहत नाही" असं सांगितलं. गेटवरच्या नोंदवहीत आणि दारावरच्या पाटीवर अर्जातलंच नाव असू द्या. पाटीवर फक्त घरमालकाचं नाव असेल तर खाली कागदावर आपलं लिहून चिकटवा. बीएलओचं नाव आणि फोन तुमच्या यादी भागावरून पोर्टलवर मिळतो. आपण होऊन फोन करून वेळ विचारणं यात कमीपणा नाही. दिवसभर बाहेर असणाऱ्यांना तर दुसरा उपायच नाही.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. निर्णयापासून १५ दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील करता येतं. तिथेही नकार आला तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. नकाराचं कारण निव्वळ "कागद अस्पष्ट" असं असेल, तर अपिलात दिवस घालवण्यापेक्षा स्वच्छ प्रत जोडून नवा अर्ज करणं शहाणपणाचं. "सर्वसाधारण रहिवासी नाही" असं कारण असेल तर मात्र अपीलच करा. तसा शेरा नोंदीत राहिला की पुढच्या अर्जालाही तोच चिकटतो.

तपासणी: "अर्ज स्वीकारला" असा संदेश आला म्हणजे काम झालं असं नाही. एपिक क्रमांकाने पुन्हा शोधा. नवा यादी भाग दिसतोय का? जुन्या ठिकाणची नोंद गेली का? दोन्हींची उत्तरं "हो" आली की पानाची छपाई तारखेसह काढून ठेवा.

## टप्पा ४: दुबार नाव असेल तर आधी ते निस्तरा

एका व्यक्तीचं नाव एकापेक्षा जास्त मतदारसंघांत असू शकत नाही, आणि एकाच मतदारसंघात दोनदाही नाही. १९५० च्या अधिनियमाची कलमं १७ आणि १८ हेच सांगतात. गावच्या पंचायतीच्या राजकारणासाठी तिथलं नाव राखून शहरातही नाव ठेवण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की लोकांना त्यात काही गैर वाटत नाही. नामनिर्देशनाच्या वेळी ती अंगाशी येते, कारण प्रतिस्पर्धी संस्थेचा माणूस तुमचं गाव ओळखून असतो.

खरं राहणं जिथे आहे ती नोंद ठेवा, दुसरीसाठी नमुना ७. तो भरताना जी नोंद काढायची तिचाच यादी भाग आणि अनुक्रमांक पडताळून घाला. घाईत राखायचीच नोंद उडवल्याचे प्रकार होतात. दोन नोंदींना दोन वेगळे एपिक क्रमांक असतील तर काढलेल्या नोंदीचं ओळखपत्र पाकिटात ठेवू नका आणि कुठेही पुरावा म्हणून वापरू नका.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत दुबार नोंद हटकून सापडते: माहेरच्या पत्त्यावर माहेरच्या नावाने एक, सासरच्या पत्त्यावर नव्या नावाने दुसरी. इथे आणखी एक गाठ असते. संस्थेच्या कागदांवर नाव माहेरचं आणि यादीत सासरचं, मग दोन्ही व्यक्ती एकच हे सिद्ध कसं करायचं? विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, किंवा नाव अधिकृतपणे बदललं असेल तर राजपत्रातली नोंद, अर्जालाच जोडा. विचारल्यावर देऊ, असं ठरवू नका.

## टप्पा ५: संस्थेचे कागद हद्दीशी जोडा

व्यक्तीची अट सुटली की संस्थेकडे वळा. हा भाग तुलनेने सोपा आहे, पण घाईत कच्चा राहतो.

विश्वस्त म्हणून अर्ज करत असाल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयातला परिशिष्ट-१ चा ताजा उतारा काढा. त्यात तुमचं नाव आहे का? विश्वस्त बदलले की ९० दिवसांत फेरफार अर्ज द्यावा लागतो. अनेक संस्थांचे फेरफार वर्षानुवर्षं पडून असतात आणि उतारा काढला की दिवंगत अध्यक्षच अजून पदावर दिसतात. विश्वस्त नसून साधे सदस्य असाल तर सदस्य नोंदवहीची प्रत आणि कार्यकारिणीचा ठराव. ठरावात तीन गोष्टी हव्यात: तुम्ही सदस्य कधीपासून आहात, संस्था तुमचं नाव कोणत्या समितीसाठी सुचवते आहे, आणि तुमचा मतदार यादीतला प्रभाग व अनुक्रमांक.

संस्थेचं नोंदणीकृत कार्यालय हद्दीबाहेर असलं म्हणून लगेच हातपाय गाळू नका. कलमात काम हद्दीत असण्याचा शब्द आहे. मग कामाचा पुरावा जागेनिशी द्या. आरोग्य शिबिर कोणत्या वस्तीत झालं, अभ्यासिका कोणत्या गल्लीत आहे, महापालिकेच्या कोणत्या शाळेशी पत्रव्यवहार झाला, हे दिसलं पाहिजे. वार्षिक अहवालात "पुणे शहरात विविध उपक्रम राबवले" एवढंच असेल तर तो अहवाल कुचकामी. क्षेत्रीय कार्यालयाने दिलेली परवानगीपत्रं सगळ्यात उत्तम, कारण त्यावर त्याच कार्यालयाचा जावक क्रमांक असतो.

इशारा: सहकारी गृहनिर्माण सोसायटीचे अध्यक्ष किंवा सचिव आहात तेवढ्यावर अर्ज करू नका. सोसायटी सहकार कायद्याखाली सभासदांच्या इमारतीसाठी नोंदलेली असते. समाजकल्याणाची संस्था म्हणून तिची मान्यता गृहीत धरता येत नाही.

## टप्पा ६: नेमके नियम हातात घ्या, मगच अर्ज लिहा

संस्थेच्या मान्यतेचे निकष आणि नामनिर्देशनाची रीत शासनाने विहित केल्याप्रमाणे असते. महापालिका अर्ज मागवण्यासाठी जाहीर प्रकटन देते, त्यात कागदांची यादी आणि मुदत असते. दुसऱ्या शहरातल्या ओळखीच्याने पाठवलेला जुना नमुना भरू नका.

प्रकटन निघायच्या आधी एक काम करून ठेवण्यासारखं आहे. गेल्या मुदतीतल्या नामनिर्देशनाच्या छाननी तक्त्याची प्रत माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. कोणते अर्ज कोणत्या शेऱ्याने बाद झाले हे वाचलं की तुमच्या कार्यालयात छाननी कशी होते हे कळतं.

एकूण वेळेचा हिशोब मनात असू द्या. नाव हलवायचं असेल तर दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. माहिती अधिकाराचे तीस दिवस त्यातच बसतात. प्रकटन आल्यावर नमुना ८ भरणाऱ्याला मुदतीत नाव हललेलं दिसणं फार अवघड.

## टप्पा ७: अर्ज जोडा, छाननीला हजर राहा

कागदांचा क्रम असा ठेवा की छाननी करणाऱ्याला पहिल्या दोन पानांत उत्तर मिळेल.

१. अर्ज. पत्त्याच्या ओळीखाली लगेच प्रभाग क्रमांक, महापालिकेच्या यादीतला अनुक्रमांक, विधानसभा मतदारसंघ, यादी भाग आणि त्यातला अनुक्रमांक.

२. महापालिकेच्या प्रभागनिहाय यादीचा प्रमाणित उतारा, आपल्या ओळीवर खूण करून.

३. विधानसभेच्या यादीचा उतारा.

४. प्रभाग या समितीखाली येत असल्याचं क्षेत्रीय कार्यालयाचं पत्र किंवा आदेशाची प्रत.

५. संस्थेची नोंदणी, परिशिष्ट-१ किंवा सदस्य नोंदवही, ठराव, लेखापरीक्षण अहवाल.

६. हद्दीतल्या कामाचे पुरावे.

७. नावात फरक असेल तर त्याचा पुरावा.

आधार जोडायचं असेल तर शेवटी, आणि ते ओळखीसाठी. नगरसेवकाच्या लेटरहेडवरचा रहिवासी दाखला तर नकोच. ज्या नगरसेवकांनी तुम्हाला निवडायचं त्यांच्यातल्याच एकाचा कागद पुढे केला की बाकीचे तुम्हाला त्याच्या खात्यावर टाकतात.

अर्ज आवक विभागात देऊन पोच घ्या. पोचेवर पानांची संख्या लिहून घ्या, कारण "उतारा जोडलेला नव्हता" हा शेरा नंतर खोडायला तेवढाच आधार असतो. छाननीच्या दिवशी मूळ कागद घेऊन हजर राहा. तुमच्या नावावर रहिवासाची हरकत आली तर तोंडी वाद घालू नका. कलम २९-अ मधली मतदार नोंदीची अट आणि आपल्या उताऱ्याचा पान क्रमांक, एवढंच लेखी द्या. आधारवरचा पत्ता जुना आहे अशी हरकत असेल, तर त्या अटीशी त्याचा संबंध नाही. हरकत दुबार नावाची असेल तर नमुना ७ ची पोच आणि नोंद कमी झाल्याची छपाई पुढे करा.

## नेमणूक झाल्यावर

समितीच्या मुदतीत घर बदलणार असाल, तर नवी जागा कोणत्या समितीखाली येते हे टोकन देण्याआधी बघा. वारज्यातून कर्वेनगरला गेलात तर दोन्ही एकाच क्षेत्रीय कार्यालयाकडे असल्याने अडचण नाही. कर्वेनगरमधून नदी ओलांडून सिंहगड रोडला गेलात तर समिती बदलते. तिथे नमुना ८ ने नाव हलवलंत की ज्या नोंदीवर तुमची नेमणूक उभी होती ती नोंदच जाते. नाव न हलवता जुन्याच पत्त्यावर ठेवलंत तर टप्पा २ मधली (उ) ची अडचण येते. अशा वेळी क्षेत्रीय कार्यालयाला लेखी कळवा, आणि जागा सोडायची झाली तर संस्थेतल्या दुसऱ्या पात्र सदस्याची फाईल त्याच दिवशी तयार ठेवा.

घर तेच असलं तरी दर वर्षी यादीचं पुनरीक्षण होतं. प्रारूप यादी लागली की आपला एपिक क्रमांक घालून नोंद जागेवर आहे का ते बघा. शेजारची इमारत पुनर्विकासाला गेली असेल तर जरूर बघा: पाडलेल्या इमारतीच्या मतदारांवर "स्थलांतरित" असा शेरा मारताना एकाच सर्व्हे क्रमांकावरच्या दुसऱ्या इमारतीची नावंही त्यात ओढली जाऊ शकतात.